बाईंच्या प्लेटांची चौथी फेरी

बाई, मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वैशाली गेलेल्या माणसाबद्दल फार गोड गोड लिहिते. तुम्हाला माती देऊन आज एकोणीस दिवस झाले. त्या दिवशी चर्चमध्ये जो उठला तो हेच सांगत होता, की बाई किती शांत, किती सोशिक, कधी आवाज म्हणून चढला नाही. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, अहो, नक्की कुणाबद्दल चाललंय हे? ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्या मोठ्या कुकरमध्ये, माझी अगरची बाटली उतू गेली, तेव्हा अख्ख्या एम.एस्सी.च्या वर्गासमोर तुम्ही विचारलं होतं, "वैशाली, घरी तुला दूध तापवायला तरी देतात का गं?" मला त्या बाई हव्या होत्या. भाषणांमधल्या बाई कोण होत्या, देव जाणे.

आणि आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा पाच आठवडे आपण एकमेकींशी बोललो नव्हतो. शिरूरच्या आपल्या कॉलेजातली ती मागची खोली, घोडनदीच्या बाजूच्या खिडकीची, केवढीशी! दोघी आत असलो की कोपराला कोपर लागतं. तिथं पाच आठवडे न बोलता काढणं सोपं नाही. पण मी ते करून दाखवलं. राग माझ्या नाकावर असतो हे तुम्हाला काही नवीन नव्हतं.

भांडण कशावरून, असं लोक विचारतात, तर यीस्टवरून. हे सांगायचीही सोय नाही. आमच्या खुटबावात आबा, म्हणजे माझे वडील, पारावर अजून सांगतात, "पोरगी पाव फुगवायच्या किड्यावर डाक्टर होतीया." आणि तुम्ही एकदा आमच्या घरी जेवायला आलात, तेव्हा त्यांनी तुम्हालाच विचारलं होतं, "बाई, किडा बरा हाय नव्हं?" तुम्ही घास हातात धरून इतक्या हसलात की ठसका लागला. मग त्यांना नीट समजावून सांगितलंत. आबांना कळलं किती ते माहीत नाही, पण त्या दिवसापासून ते तुम्हाला मानायला लागले.

मला तुम्ही हा विषय पहिल्यांदा सांगितलात, तेव्हा फळ्याकडं वळलाच नाहीत. नुसतं विचारलंत, "जमीन सारवलीयेस कधी?"

"सारवलीय की. आमचा जुना गोठा मीच सारवायचे."

"सारवत सारवत बाई मागं सरकते. शेवटी ती जिथं बसलेली असते, तेवढा तुकडा राहतो की नाही?"

"राहतो. पण ती उठते आणि बाहेरून हात फिरवते."

"बरोबर. पेशीतल्या यंत्राला तसं उठून बाहेर येता येत नाही. म्हणून गुणसूत्राची नक्कल करताना अगदी टोकाचा तुकडा राहून जातो."

बास. पुढं मी कितीही पुस्तकं वाचली तरी मला ते टोक म्हटलं की गोठ्याचा उंबराच दिसतो. पेशीच्या दोन झाल्या की टोक थोडं तोकडं, चार झाल्या की आणखी तोकडं. यीस्ट मात्र हुशार. त्याच्याकडं टेलोमरेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते मागाहून येऊन राहिलेला तुकडा जोडून देतं. टोकावर फार मोलाचं काही लिहिलेलं नसतं, तीच तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली असतात. पण ती झिजून संपली की पेशी थकते. मग वाढेनाशी होते आणि मरते.

आपण काय केलं, तर यीस्टचं ते टेलोमरेजच काढून टाकलं आणि त्याचं पुढं काय होतं ते बघत बसलो. काम म्हणाल तर अगदी साधं. निर्जंतुक केलेली दातकोरणी घ्यायची, यीस्टला टेकवून अगर ओतून गोठवलेल्या प्लेटवर नागमोडी रेघ ओढायची, इन्क्युबेटरच्या उबेत तीस अंशाला तीन दिवस ठेवायचं. एकेका पेशीपासून एकेक पांढरा गोळा उठतो, त्याला कॉलनी म्हणायचं. त्यातली एक उचलायची, नव्या प्लेटवर ओढायची, पुन्हा तीन दिवस. एका फेरीत वीस-पंचवीस पिढ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला टोकं संपत येतात आणि कॉलन्या बारक्या, कडेला फाटक्या अशा दिसायला लागतात. हे जगाला ठाऊक आहे. माझं म्हणणं असं होतं, की टेलोमरेजबरोबर आणखी एक जनुक काढलं तर पेशी थकतच नाहीत. माझ्या प्लेटा सहाव्या फेरीलाही टपोऱ्या होत्या. तीन वर्षं मी ह्याच एका गोष्टीवर काढली.

ती तीन वर्षं कशी गेली हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत आपलं अगरचं पार्सल दिवसभर अडकलं, तेव्हा तुम्ही कुरिअरवाल्याला फोनवर सांगितलंत, "बाबा रे, इथं माझी लेकरं उपाशी आहेत," आणि तो बिचारा घाबरून पार्सल पाठीवर टाकून दुसऱ्याच्या मोटरसायकलवरून आला. लाईट गेली की तुम्ही थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या रचून त्यात प्लेटा ठेवायचा आणि थर्मामीटर खुपसून पाळण्याशी बसावं तशा शेजारी बसायचा. नाताळाला तुमच्या हातच्या करंज्या मी एकटी निम्म्या संपवायचे. मी तासिका तत्त्वावर शिकवते, पीएच.डी. झाल्याशिवाय पक्की नोकरी नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागलेलं होतं. म्हणून तर मला तो दिवस इतका झोंबला.

जानेवारीतली दुपार. माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता, फक्त तुमची सही राहिली होती. तुम्ही तिसरं प्रकरण वाचत होतात. वाचता वाचता थांबून विचारलंत, "दर फेरीला कॉलनी कोणती उचललीस?"

"चांगली वाढलेली."

"चांगली म्हणजे?"

"बाई, चांगली म्हणजे चांगली. गोल, टपोरी, दिसायला निरोगी."

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "मग तू प्रयोग नाही केलास, वैशाली. तू बियाणं निवडलंस."

माझ्या कानशिलात शिरा तटतटल्या. तुम्ही समजावत होतात. टेलोमरेज नसलेल्या पेशींतही काही चिवट निघतात. शेजारच्याच्या पेपरात बघून लिहावं तसं दुसऱ्या गुणसूत्राचं टोक बघून आपलं टोक लिहून काढतात आणि तगून जातात. दर वेळी टपोरी कॉलनी उचलली तर असल्या नकलाखोरच तुझ्या हाती येणार, मग थकवा दिसेल कुठून? पुन्हा कर, म्हणालात. प्लेटच्या बुडाला आधीच पेनानं निळा ठिपका दे, कोरी असतानाच. आणि त्या ठिपक्याच्या सगळ्यात जवळ जी उगवेल तीच उचल, मग ती कशी का असेना.

"म्हणजे मी खोटारडी."

"खोटारडी असतीस तर दारात उभी केली नसती. चुकलीस म्हणते आहे."

आणि मग मी ते बोलले. "मग तीन वर्षं तुम्ही काय डोळे मिटून बसला होतात?"

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "हो. मी एकदाही विचारलं नाही. माझंही चुकलं." मी दप्तर उचललं आणि निघाले. न्हावरे जाईपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय ऐकवलं! चौफुला येईपर्यंत शब्द संपले, मग नुसती रडत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण गेलं का, बाळ?" मी म्हटलं, नाही, कुणी नाही गेलं.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत एकदाच तुम्ही बोलायला आलात. व्हरांड्यात मला गाठून म्हणालात, "डबा आणलायस का? मी वांग्याचं भरीत आणलंय." मी म्हटलं, "माझा उपास आहे." मी आषाढीचासुद्धा उपास धरत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. "बरं," म्हणालात, आणि डबा घेऊन परत गेलात. बाई, मला ते भरीत रोज आठवतं. आता हसा, हसायचं तर.

तुम्ही मंगळवारी पहाटे झोपेतच गेलात. बुधवारी दुपारी मिशन कंपाउंडमागच्या दफनभूमीत मी मूठभर माती टाकली, तुमच्या धाकट्या बहिणीला भेटले आणि फाटकाकडं निघाले. तेवढ्यात आपले बबनमामा मागून आले. तुमच्या हाताखाली प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, डोळे सुजून लाल झालेले. म्हणाले, "वैशालीताई, बाईंच्या प्लेटा हायेत इन्क्युबेटरमधी. उद्याच्याला त्यांची पाळी हाय. कोन करनार?"

"कसल्या प्लेटा?"

"तुमच्याच यीस्टच्या की. बाईंनी पैल्यापासनं नव्यानं मांडल्यात. तीन फेऱ्या झाल्यात. कुनाला बोलू नको म्हनल्या व्हत्या. आता कुनाला न बोलून काय करू मी?"

मी एसटी स्टँडवर न जाता कॉलेजात गेले. इन्क्युबेटर उघडला. बारा प्लेटा होत्या, तुमच्या अक्षरातली लेबलं. साध्या यीस्टच्या चार, टेलोमरेज काढलेल्याच्या चार, दोन्ही जनुकं काढलेल्या माझ्या दुहेरीच्या चार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बीजाणू, म्हणजे यीस्टचं बीच, सुईनं वेगळा काढून सुरुवात केली होती. मला, तिशीतल्या बाईला, त्या कामानं मान धरते. आणि प्रत्येक प्लेटच्या बुडाला निळा ठिपका. फ्रिजमध्ये पुढच्या तीन फेऱ्यांच्या कोऱ्या प्लेटा ओतून ठेवलेल्या, त्यांनाही ठिपके देऊन ठेवलेले.

खरं सांगू? मला पहिल्यांदा दुःख नाही झालं. संताप झाला. माझ्या पाठीमागं माझी तपासणी! आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो मी लपवणार नाही. ह्या प्लेटा उद्या कुणी ओढल्या नाहीत तर मालिका तुटते. कुणाला काही कळत नाही. बाई गेल्या, बाईंचं काम अर्धवट राहिलं, इतकंच. माझा प्रबंध तयार आहे. बबनमामांना सांगायचं, "धुवायला टाका." एक वाक्य फक्त. मी इन्क्युबेटरचं दार लावलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. मामा दारात उभे होते.

"उद्या सकाळी येते मी," मी म्हटलं. "प्लेटांना हात लावू नका."

मी आले ती तुमच्यावरच्या प्रेमानं आले असं समजू नका. मी तुम्हाला खोटं पाडायला आले होते. तुमच्याच ठिपक्यांनी, तुमचाच नियम पाळून दाखवून देणार होते की वैशालीचं खरं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसलं माझं. दिवा लावला, दातकोरणी घेतली, माझ्या दुहेरीची पहिली प्लेट उजेडात धरली. ठिपक्याच्या लगत एक कॉलनी होती, मोहरीएवढी, फिकी. आणि तिच्यापासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर दुसरी, गुबगुबीत, चकचकीत. माझा हात त्या दुसरीकडं निघाला. मी ठरवलं नव्हतं बाई, शपथ. हात आपला आपण निघाला. मी तो मागं घेतला आणि फिकी उचलली. बारा वेळा तुमचं ऐकलं. तेव्हाही मनात म्हणत होते, ही फिकीच बघा कशी वाढते ते.

शनिवारी खुटबावला गेले. आबा अंगणात बसून बियाण्याची कणसं निवडत होते. ऊस सगळं रान खातो, तरी घरच्या भाकरीपुरती मालदांडी ज्वारी ते अजून लावतात आणि बी विकत आणत नाहीत. ढिगातनं भरलेलं, टपोऱ्या दाण्याचं कणीस काढायचं, बाजूला ठेवायचं, त्याची जुडी बांधून आढ्याला टांगायची. लहानपणापासून ते काम त्यांच्याबरोबर मीच करत आले. मी शेजारी बसून त्यांना तुमच्या मातीचं सांगत होते, कोण कोण आलं होतं, गाणी कोणती म्हटली. बोलता बोलता आबा हसायला लागले.

"काय झालं?"

"अगं, बघ तरी खाली. न बघताच निवडतीयास. एक बी हलकं कणीस न्हाई तुझ्याकडं. हातालाच डोळं फुटल्यात तुझ्या."

मी खाली बघितलं. माझ्या मांडीशी दहा-बारा कणसं पडलेली. एकापेक्षा एक. मी ती कधी उचलली मला आठवत नव्हतं.

बाई, तिथं माझा पीळ सुटला. तीन वर्षं दर तिसऱ्या दिवशी मी त्या दिव्यापुढं हेच करत होते. कपट नव्हतं त्यात, एक कणभर नव्हतं. ती आमच्या घराण्याची शिकवण होती, की हलकं टाकायचं, भारी राखायचं. पण आबांची कणसं आणि माझ्या प्लेटा ह्यांत फरक होता, आणि तो तुम्ही एका वाक्यात सांगितला होता. मी ऐकलं नव्हतं.

तरी मी आबांना विचारलंच. "आबा, यंदा रान कसं पिकलं हे कुणाला खरं दाखवायचं असेल तर कुठलं कणीस दाखवायचं?"

"कुठलंबी. ढिगात हात घालायचा आन् हाताला लागंल ते काढायचं. निवडून दाखवलं तर ते दाखवनं कशाचं? ती फसवनूक व्हईल. आडत्या काय वरचं धान्य बघतोय व्हय? पोत्याच्या बुडात हात घालतोय." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "का गं? बाई हेच म्हनत व्हत्या का?"

मी मान हलवली. आबांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं शिरूर. कॉलेजला सुट्टी, पण बबनमामा किल्ली घेऊन हजर होते. बारा प्लेटा टेबलावर मांडल्या. साध्या यीस्टच्या चार दाट, भरगच्च. टेलोमरेज नसलेल्या चार विरळ, खडूची भुकटी सांडावी तशा. आणि माझ्या चार तशाच. अगदी तशाच. लेबल झाकलं असतं तर मला स्वतःला ओळखू आलं नसतं. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. तीस वर्षं प्लेटा धुणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. "मेल्या व्हय," म्हणाले.

"मेल्या," मी म्हटलं. आणि त्याच दिवशी पाचवी फेरी ओढली.

बुधवारी पाचवीच्या प्लेटा जवळजवळ बोडक्या होत्या. सहावीला तशाच बोडक्या प्लेटांवर दोन-तीन ठिकाणी टपोऱ्या कॉलन्या उठल्या, माझ्या चारांतही आणि नुसतं टेलोमरेज नसलेल्या चारांतही, सारख्याच. त्या तुमच्या नकलाखोर. त्यांना बघून मला माझी तीन वर्षं ओळखू आली, कारण माझ्या जुन्या फोटोंत त्याच होत्या, पानोपानी. ते दुसरं जनुक काढल्यानं काहीही होत नव्हतं. जे काही होत होतं ते माझ्या हातानं होत होतं.

मग मी विभागप्रमुख सरांकडं गेले. आता मार्गदर्शक म्हणून तेच सही करणार होते. सर माणूस वाईट नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई गेल्या. त्यांनी लेखी हरकत कुठं घेतलेली नाही. तुझा आधीचा डेटाही खोटा नाही, तू जे पाहिलंस तेच लिहिलंस. हे कशाला उकरतेस? मी सही करतो, नोकरी पक्की होऊ दे. मग कर की पुन्हा, हवं तितक्यांदा."

मला मोह झाला का? झाला. पाच मिनिटं झाला. मग मी म्हटलं, "सर, आता मला माहीत झालंय."

"वर्ष जाईल तुझं. कदाचित दोन."

"जाऊ देत."

"लोक काय म्हणतील? तीन वर्षं करून पोरीनं स्वतःच स्वतःला खोडून काढलं."

"खरं तेच म्हणतील की," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. तुम्ही असतात तर टेबलाखालून पाय दाबला असता.

तेव्हापासून मी थांबलेली नाही. तिसरं प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलंय. माझ्या जुन्या पद्धतीनं टपोऱ्या उचलल्या तर काय दिसतं आणि ठिपक्यानं उचलल्या तर काय दिसतं, हे दोन्ही शेजारी शेजारी मांडायचं, नव्या बीजाणूंवर, पुन्हा पहिल्यापासून. कोरी प्लेट ओतली की ठिपके आता बबनमामा देतात, मी खोलीबाहेर असताना. त्यांनीच ते काम मागून घेतलं. म्हणाले, "माझा हात शेतकऱ्याचा न्हाई, मी दाबून देतो कुठंबी." उद्या, मंगळवारी, संशोधन केंद्रात माझं सादरीकरण आहे. पहिलं वाक्य पाठ करून ठेवलंय: माझा निष्कर्ष चुकीचा होता, आणि ती चूक माझ्या मार्गदर्शक बाईंनी पकडली. हे वाक्य मी उभी राहूनच म्हणणार आहे. नोकरीचं मग बघू. खुटबावात अजून पाच एकर रान आहे, उपाशी नाही मरत मी.

आता शेवटचं. परवा तुमची बहीण नगरहून आली होती, तुमचं कपाट आवरायला. तिनं मला बोलावून एक वही दिली. "हे तुमच्या शास्त्राचं दिसतंय," म्हणाली. ती तुमची ह्या प्लेटांची वही होती. तोवर मी सगळ्या नोंदी सुट्या कागदांवर करत होते, अशी काही वही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती उघडली तुमच्याच खुर्चीत बसून. रेघा मारून रकाने पाडलेले. फेरी, तारीख, कॉलनी कुणी उचलली, शेरा. पहिल्या फेरीपुढं तुमची आद्याक्षरं. दुसरीपुढं तुमची. तिसरीपुढं तुमची, सोमवारची तारीख, अक्षर थोडं हललेलं.

चौथ्या फेरीची ओळही तुम्ही आधीच भरून ठेवलेली होती. गुरुवारची तारीख, सकाळी साडेनऊ, आणि 'कुणी उचलली'च्या खाली तुमच्या अक्षरात माझं नाव.

म्हणजे निकाल काय तो तुम्ही स्वतः बघून मला ऐकवणार नव्हता. माझ्याच हातानं मला दाखवणार होता. बुधवारी कधीतरी फोन करणार होता, आणि मी कितीही फणफणले तरी येईन हे तुम्ही धरून चालला होता.

चुकलं माझं, बाई. त्या दुपारी जे बोलले ते, आणि त्यानंतरचे पाच आठवडे. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे, "बरं, बरं, आता दातकोरणी धर." शेऱ्याच्या रकान्यात मी निकाल लिहिला आणि खाली सही केली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी तिथं होते. वेळेवर आले होते. तुम्हीच नव्हता.